बोरूने गिळलेली सूचना

कागदाचं पान इमानी असतं. ते तुम्ही वाचा, शेजाऱ्याने वाचा, नाहीतर एखाद्या माकडाने उलटं धरून वाचा. त्यावरची अक्षरं काही बदलत नाहीत. पण केतकी शेलारसमोर आत्ता असं एक पान होतं, जे तिच्या आईला एक सांगत होतं आणि तिला दुसरंच.

दोघी घराच्या पायरीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींच्या मांडीवर आपापली पाटी होती. (पाटी म्हणजे वहीएवढा पातळ, बोलका पडदा. वारजाई पठारावर प्रत्येकाकडे एक असायची.) आईच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘मंगळवारी सकाळी मोठ्या पतंगाचा दोर उतरवणार आहोत. उत्तरेची वाट बंद. माणसं, गुरं, गाड्या, कोणीही तिकडे येऊ नये. शैला शेलार, दोरप्रमुख.’ केतकीने तेच पान आपल्या पाटीवर उघडलं. तिथे लिहिलं होतं, ‘सर्व वाटा खुल्या आहेत.’

तिने पान बंद करून पुन्हा उघडलं. पाटी पदराला पुसावी तशी फ्रॉकला पुसली. वाटा आपल्या खुल्याच.

“आई, तू हे सोमवारीच लिहिलं होतंस ना?” तिने विचारलं, आणि विचारल्याबरोबर तिला स्वतःचाच राग आला.

“संध्याकाळी लिहिलं तेव्हा तू इथंच बसून वाचत होतीस की गं,” आई म्हणाली. “आता तूसुद्धा विचारायला लागलीस?”

हे एवढं महत्त्वाचं का होतं, ते कळायला आधी पतंगांची गोष्ट सांगायला हवी. वारजाई पठारावर विजेचं पीक निघतं, असं तिथले लोक म्हणत. जमिनीपासून खूप उंचावर वारा सतत वाहत असतो. तिथवर पोचेल एवढा खांब उभारणं अवघड, म्हणून पठारावरून घराएवढे पतंग उडवत. पतंग वर ओढ घेई, त्याचा दोर भल्यामोठ्या फिरकीवरून सुटत जाई, फिरकी गरगर फिरे आणि तिला जोडलेलं जनित्र (फिरण्याच्या शक्तीपासून वीज तयार करणारं यंत्र) कामाला लागे. दोर संपत आला की पतंगाचे पंख मिटवायचे आणि त्याला खाली ओढून घ्यायचं. मिटलेल्या पतंगाला ओढायला फारच थोडी वीज लागते, म्हणून हा सगळा खटाटोप फायद्याचा. दोर दुरुस्तीसाठी पुरता उतरवायचा असला, की तो उत्तरेच्या वाटेवर आडवा येऊन पडे. त्या वेळी त्या वाटेवर चिटपाखरूही असून चालत नसे.

मंगळवारी सकाळी नेमकी रघू गवळ्याची दूधगाडी तिथे होती. ही गाडी आपली आपण चालायची. निघण्याआधी पान वाचायची आणि वाट ठरवायची. पान म्हणालं वाट खुली आहे, म्हणून गाडी निघाली. वरून दोर आला आणि गाडीचे दोन तुकडे झाले. पठारावरच्या कुत्र्यांची चंगळ झाली. एरवी त्या गाडीच्या मागच्या फळीवर शाळेची पोरं बसून जात, केतकीही त्यातलीच. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून फळी रिकामी होती. हा विचार केतकीच्या मनातून जात नव्हता.

“शैलाबाई सूचना लिहायला विसरली,” असं आता पठारभर झालं होतं. गुरुवारी, म्हणजे उद्याच, चौकशी होती. दोष सिद्ध झाला तर आईच्या गळ्यातली दोरकिल्ली काढून घेणार होते. त्या किल्लीशिवाय फिरकी हलत नसे. आईच्या आधी वारजाईवर ती कुठल्या बाईच्या गळ्यात पडली नव्हती. आईने ती मिळवायला किती वर्षं दोर ओढले होते, ते केतकीला तिच्या तळहातांवरच्या घट्ट्यांवरून ठाऊक होतं.

आई विसरली नव्हती, पण लेकीची साक्ष कोण धरणार? मग सूचना गेली कुठे? केतकीला याचं उत्तर माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं. सूचना बोरूने गिळली होती.

बोरू हा यंत्रमानव. उंचीने केतकीच्या खांद्याला लागेल एवढा, डोकं भोपळ्यासारखं आणि चाल मांजरासारखी, म्हणजे मागे येऊन उभा राहिला तरी कळायचं नाही. पठारावर येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. वारजाईसारखी पाच पठारं मिळून ‘उंचवारा संघ’ चालवत, आणि संघाचं एक पोर्टल होतं. (पोर्टल म्हणजे मोठ्या संस्थेतल्या सगळ्यांसाठी इंटरनेटवर असलेलं एकच महाद्वार. आत शिरताना ते तुम्हाला ओळखतं आणि तुमच्या कामाची पानं तुमच्यासमोर मांडतं.) त्यात आईला पतंगतळाचं पान दिसे, केतकीला शाळेचं आणि हौसाबाईंना सामायिक स्वयंपाकघराचं. पण या पानांवरचा एक शब्द जरी बदलायचा, तरी खाली शहरातल्या कचेरीला कळवावं लागे. तिथला माणूस सवडीने बदल करी. ‘आज पिठलं’ ही बातमी पिठलं खाऊन हात वाळल्यावर पानावर यायची. या प्रकाराला सगळेच वैतागले होते. म्हणून संघाने पोर्टलवर लेखनसाधन बसवायचं ठरवलं. (लेखनसाधन म्हणजे ज्याचं पान त्यालाच लिहिता यावं, अशी सोय.) ते बसवायला बोरूला पाठवलं होतं.

आल्या आल्या बोरू पठारावरच्या तीन पंचांबरोबर, त्यांच्यातल्या नानांच्या घरात दार लावून बसला होता. पोरांना अंगणातूनही हाकलून दिलं होतं. दाराआड जे चालतं त्यात पाणी मुरत असणारच, हे केतकीचं ठाम मत होतं, आणि ते मत तिने तेव्हाच मैत्रिणींना बोलून दाखवलं होतं.

ती तडक फिरकीच्या छपरात गेली. बोरू कोपऱ्यात उभा होता.

“बोरू, माझ्या आईने सोमवारी सूचना लिहिली होती की नाही?”

“प्रसिद्ध न झालेल्या मजकुराबद्दल काहीही सांगण्याची मला परवानगी नाही,” बोरू म्हणाला. त्याचं मराठी बातम्या वाचणाऱ्या माणसासारखं होतं.

“म्हणजे मजकूर आहे!”

“आहे, असं मी म्हणालो नाही. नाही, असंही म्हणालो नाही.”

“मग पानावर का नाही आला?”

“प्रसिद्ध न झालेल्या मजकुराबद्दल…”

“पुरे!” केतकी म्हणाली. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. “ही बंदी तुला कोणी घातली, ते तरी सांगशील?”

“ते सांगण्याची परवानगी आहे. पंचांनी.”

आता ही नवीनच भानगड झाली. पंच म्हणजे नाना, दाजी आणि सोनाक्का, पठारावरची तीन वडीलधारी माणसं. भांडण असो की लग्न, यांच्या शब्दावाचून पान हलत नसे. त्यांना बंदी घालायची काय गरज पडली? बोरू छपरातून बाहेर पडला आणि केतकी गुपचूप त्याच्या मागे निघाली.

तो आधी दाजींच्या गोठ्याशी गेला. केतकी गवताच्या गंजीमागे दडली. बोरू दाजींच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजला. दाजींनी इकडेतिकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि गव्हाणीच्या कठड्यावर ठेवलेल्या आपल्या पाटीवर पालथी घातली. मग ते म्हशीला उगाचच ओरडले.

तिथून बोरू सोनाक्काकडे गेला. पुन्हा कुजबुज. सोनाक्काने जीभ चावली, मांडीवरची पाटी उचलली आणि अंड्यांवर खुडूक बसलेल्या कोंबडीच्या बुट्टीखाली सरकवून दिली. कोंबडीने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. केतकीनेही कुंपणाआडून तसंच पाहिलं.

शेवटी नाना. नाना सगळ्यांत वडील, त्यांच्या शब्दाला तर सगळ्यांत जास्त मान. बोरू कुजबुजला, नाना “बरं, बरं” म्हणाले आणि त्यांनी आपली पाटी भिंतीतल्या देवळीत, दिव्याच्या मागे ठेवून दिली. पडद्याचं तोंड भिंतीकडे.

तिघंही पाटी लपवत होते! चोरी एकट्या बोरूची नव्हती, यात पंचही सामील होते. का, ते शोधायला तिला वेळ लागला नाही. दोरप्रमुखाची जागा दाजींच्या पुतण्याला हवी होती, हे पठारावर सगळ्यांना ठाऊक होतं. आईला मिळाली तेव्हा पुतण्या महिनाभर तोंड फुगवून फिरत होता. बाईच्या गळ्यात दोरकिल्ली त्यांच्या डोळ्यांत खुपत असणार. म्हणून सगळ्यांनी मिळून आईचा काटा काढायचं ठरवलं! उद्या चौकशीत भर सभेत उभं राहून हे बोलायचं, असा तिने निश्चय केला. वडीलधाऱ्यांवर असा आरोप आजवर पठारावर कोणी केला नव्हता, पण आईपुढे दाजी कोण आणि नाना कोण.

रागाने भूक लागते. ती सामायिक स्वयंपाकघरात गेली. भिंतीवरच्या पडद्यावर ‘आज पिठलं’ असं लिहिलं होतं आणि ताटात मात्र मटकीची उसळ पडली.

“हौसाबाई, पिठलं कुठंय?”

“तूही त्या भिंतीलाच विचार!” हौसाबाई कडाडल्या. “बोरूनं ते लिहायचं यंत्र बसवलं तवापासनं रोज लिहितीय मी. कधी मटकी, कधी घेवडा. ही भिंत आपली पिठल्यावर अडून बसलीय. माझ्या पाटीवर बघ, कशी ठसठशीत मटकी आहे!”

केतकीने पाहिलं. हौसाबाईंच्या पाटीवर खरंच मटकी होती.

ती घास हातात धरून तशीच बसली. पंचांचं आईशी वाकडं असेल, एक वेळ मानलं. पण मटकीने त्यांचं काय घोडं मारलं होतं? सूचना एकट्या आईची अडकली नव्हती, सगळ्यांचीच अडकली होती. नळ कोरडा पडला की आपल्याच घरचा, की गावाचा, हे आधी बघायचं असतं, असं आई नेहमी म्हणायची. केतकी अर्धी उसळ टाकून पुन्हा छपराकडे पळाली. या वेळी तिने प्रश्न नीट जुळवून घेतला होता.

“बोरू, मजकुराबद्दल सांगायला तुला बंदी आहे. पण नियमांबद्दल? लिहिलेलं पानावर कसं येतं, ते सांगायलाही बंदी आहे का?”

“मुळीच नाही. नियम सर्वांसाठी खुले आहेत,” बोरू म्हणाला. “आपण ते विचारलेच नव्हते.”

“मग सांग.”

“इथल्या विणशाळेत पतंग शिवून झाला, की लगेच आकाशात सोडतात का?”

“छे! आधी शिवण तपासतात. मग तळावर नेतात. मग सोडतात.”

“मजकुराचाही प्रवास असाच असतो. पोर्टलच्या मागे दोन घरं आहेत, असं समजा. एक लेखनघर, दुसरं दर्शनघर. लिहिणारा लेखनघरात बसून लिहितो. तो झाला कच्चा मजकूर. तो तपासणीला जातो. तपासणाऱ्यांनी मान्यता दिली, की त्याची प्रत दर्शनघरात पोचते. याला प्रसिद्ध होणं म्हणतात. बाकीची सगळी माणसं फक्त दर्शनघरातलं पाहू शकतात.”

“पण आईला तर तिच्या पाटीवर अख्खं पान दिसत होतं! शीर्षक, रंग, पतंगाचं चित्र, सगळं.”

“लिहिणाऱ्याला आपलं पान तयार झाल्यावर कसं दिसेल, ते लेखनघरातच आधी पाहता येतं. त्याला पूर्वदर्शन म्हणतात. (प्रसिद्ध होण्याआधी फक्त लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला दिसणारं पानाचं रूप.) ते हुबेहूब खऱ्या पानासारखं असतं.”

केतकीने कपाळावर हात मारला. आई आणि ती एकच पान पाहतच नव्हत्या. आई एका घराच्या खिडकीतून डोकावत होती आणि ती दुसऱ्या. हौसाबाई तर रोज मटकीचं पूर्वदर्शन घेऊन भिंतीशी भांडत होत्या.

“पण रूप एवढं हुबेहूब कसं? आई फक्त चार ओळी लिहिते.”

“कारण मजकूर वेगळा आणि साचा वेगळा. मोदकाचं पीठ आणि मोदकाचा साचा असतो ना, तसं. आपल्या आईने ओळी एकदाच लिहायच्या. पाटीचा साचा त्यांना चित्रासह मांडतो, शाळेच्या भिंतीचा साचा मोठ्या अक्षरांत मांडतो, आणि दूधगाडीला डोळे नाहीत म्हणून तिचा साचा त्याच ओळी तिला समजतील अशा खुणांत देतो, शिवाय मोठ्याने वाचून दाखवतो. साचे मी बसवले. पीठ ज्याचं त्याने भरायचं.”

“आणि मध्ये ही तपासणी कशाला? लिहिलं की थेट जाऊ दे की.”

“घाईत कोणी ‘वाट बंद’ऐवजी ‘वाट खुली’ लिहिलं तर?”

लिहिलेल्यावरून दुसऱ्याची नजर फिरायला हवी, हे केतकीला पटलं. “तपासायचं कोणी, हा नियम काय आहे?”

“तिन्ही पंचांनी. तिघांचीही मान्यता हवी. मजकूर आला की तिघांच्या पाटीवर एकाच वेळी लाल ठिपका उमटतो.”

“आधी कोणी बघायचं?”

“क्रम नाही. क्रम ठेवू का, असं मी विचारलं होतं. तिघंही एकमेकांकडे पाहून म्हणाले, ‘आमच्यात कोण लहान-मोठं नाही.’ आणि कोणाची मान्यता राहिली आहे ते बाहेर दिसू नये, चारचौघांत कमीपणा येतो, असंही तिघांनी सांगितलं. म्हणून बंदी. मी फक्त कानात आठवण करून देऊ शकतो.”

म्हणजे कुजबुज ती होती! टोपीखाली, कोंबडीखाली आणि दिव्यामागे लाल ठिपकेच लपले होते. पण तिघंही ठिपका पाहून स्वस्थ बसले होते, हे काही चांगलं लक्षण नव्हतं. केतकीचा संशय कमी झाला नाही. तो फक्त बोरूवरून उठून पुरता पंचांवर जाऊन बसला.

गुरुवारी दुपारी नानांच्या अंगणात चौकशी होती. संघाच्या सुरक्षा-अधिकारी वर्षा इंगवले शहरातून आल्या होत्या. दूधगाडीचा पुढचा अर्धा भाग पुरावा म्हणून अंगणाच्या कडेला आणून ठेवला होता, आणि रघू गवळी त्याच्याजवळ आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा बसला होता. पण वारजाईवर कुठलीही बैठक जेवणाआधी होत नाही. भांडायचं तर पोटभर जेवून भांडावं, अशी तिथली रीत. आधी पंगत बसली.

केतकीकडे मीठ वाढायचं काम होतं. ती वाढत होती दाजींच्या पानात आणि मनात शब्द जुळवत होती, ‘दाजी, तुम्हीच माझ्या आईचा…’ पानं वाढून झाली. इंगवलेबाईंनी भाकरीला हात घातला, आजूबाजूला पाहिलं आणि पटकन मागे घेतला. कोणीच जेवत नव्हतं. दाजींचे हात गुडघ्यांवर होते. सोनाक्का पदर सावरून गप्प बसली होती. दोघांची नजर नानांकडे. नाना मात्र पंगतीतून ताकाची चरवी घेऊन फिरत होते.

“नाना, तुम्हीही बसा ना,” इंगवलेबाई म्हणाल्या.

“मी घरचा यजमान. मी शेवटी. सगळ्यांचं झाल्याबिगर मला घास उतरायचा न्हाई.”

“आणि नानांच्या आधी आम्ही कसं तोंडात घालायचं?” दाजी हळूच म्हणाले.

क्षणभर सगळं अंगण थांबून राहिलं. भाकरीवरची वाफ तेवढी हलत होती. मग नाना उंबऱ्याशी उभे राहिले आणि रोजच्यासारखे मोठ्याने म्हणाले, “होऊ द्या!”

सगळ्यांचे हात एकदम पानात गेले.

केतकीच्या हातातली मिठाची वाटी कलंडली. तिने हे आजवर किती वेळा पाहिलं होतं, पण आज ते तिला पहिल्यांदाच दिसलं. बाकीचे नानांसाठी थांबणार, नाना बाकीच्यांसाठी थांबणार, आणि सगळेच चांगुलपणाने उपाशी राहणार! नानांच्या त्या दोन शब्दांनी रोज ही गाठ सुटत होती. ती वाटी तशीच टाकून कोपऱ्यातल्या बोरूकडे धावली.

“बोरू, तुझ्या त्या साधनात ‘होऊ द्या’ म्हणायची सोय आहे का?”

“नाही,” बोरू म्हणाला. “तशी काही गरज असते, हे मला कोणी सांगितलं नाही. दोघं एकमेकांच्या वाटेकडे डोळे लावून बसले आणि दोघंही पुढे सरकेनात, तर त्याला संगणकाच्या जगात कोंडी म्हणतात. यंत्रांची कोंडी मी ओळखतो. माणसांची अशी होते, हे मला आज कळतं आहे.”

हात धुऊन सगळे बसले. इंगवलेबाईंनी घसा खाकरला. “शैलाताई, मंगळवारी पानावर सूचना नव्हती, हे गाडीच्या नोंदीतही आहे. तुमच्या पाटीवर आज दिसते. पण ती तुम्ही नंतर लिहिली नाही, हे कशावरून? पूर्वदर्शनात वेळ उमटत नाही. मला वाईट वाटतं, पण त्या फळीवर लेकरं असती तर?”

आईने गळ्यातली दोरकिल्ली काढली आणि सतरंजीवर ठेवली. केतकीला रडू कोसळणार होतं. कालचे सगळे तिखट शब्द तिच्या तोंडात तयार होते, आणि ते तिने गिळले.

“नाना,” ती म्हणाली, “देवळीतली तुमची पाटी आणू का?”

नाना दचकले. “ती कशाला गं?”

“तिच्यावर लाल ठिपका आहे ना?”

“हाय की. कवापास्नं हाय.” नाना ओशाळले. “पण मी थांबलोय. दाजी, सोनाक्का, त्यांचं उरकलं की मग माझं. यजमानानं पयलं ताटावर बसायचं व्हय?”

“अहो नाना!” दाजींनी टोपी काढून हातात घेतली. “आम्ही तुमच्यासाठी थांबलोय! तुम्ही वाचल्याबिगर आम्ही ठिपका उघडायचा कसा? लाज वाटाय लागली म्हणून झाकून ठेवतोय मी तो.”

“मी तर कोंबडीखाली घातलाय,” सोनाक्का म्हणाली, आणि तिने पदर तोंडाला लावला.

केतकीने तिघांच्या पाट्या आणल्या. सोनाक्काच्या पाटीला पीस चिकटलेलं होतं. नानांनी आपली पाटी मांडीवर घेतली, चष्मा चढवला, ठिपका उघडला आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. सवयीने ते आधी पाटीलाच म्हणाले, “होऊ द्या.” मग त्यांनी मान्यतेवर बोट ठेवलं. पाठोपाठ दाजींनी. पाठोपाठ सोनाक्काने.

अंगणातल्या सगळ्या पाट्या एकदम किणकिणल्या. प्रत्येकीवर तेच पान होतं, आणि सूचनेखाली बारीक अक्षरांत उमटलं होतं, ‘लिहिली: सोमवार, संध्याकाळ.’

कोणी काही बोलायच्या आत अंगणाच्या कडेला खरखर झाली. दूधगाडीच्या अर्ध्या तुकड्यातली बॅटरी अजून जिवंत होती. तिच्या तोंडावरचा दिवा लागला आणि ती आपल्या पातळ आवाजात म्हणाली, “उत्तरेची वाट बंद आहे. मी इथेच थांबते.”

कोणीही हसलं नाही. रघू गवळ्याने तिच्या पत्र्यावर हात ठेवला. नाना उठले, सतरंजीवरची किल्ली त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि आईसमोर धरली.

“पोरी, आमच्या मानपानापायी तुझी मान खाली गेली. पोरं असती तर त्या फळीवर, आम्ही कुणाला तोंड दाखवलं असतं?” नाना म्हणाले.

आईने किल्ली गळ्यात घातली आणि मग मात्र ती केतकीला धरून रडली, सगळ्यांसमोर.

त्याच बैठकीत नियम बदलले. धोक्याच्या सूचनेला पंचांपैकी त्या दिवशी ज्याची पाळी असेल, त्या एकाचीच मान्यता पुरेल. आपला मजकूर कुठवर पोचला, ते लिहिणाऱ्याला दिसेल; त्यात कोणाला कमीपणा वाटला तर वाटू दे, असं सोनाक्काच म्हणाली. आणि नानांच्या पाटीवर बोरूने एक नवं बटण बसवलं, ‘होऊ द्या’. ते दाबलं की दाजी आणि सोनाक्का निर्धास्त वाचायला बसत, आणि नाना शेवटी. भिंतीवर मटकी आली, ती पाहून हौसाबाईंनी भिंतीची दृष्ट काढली.

“बोरू, मी तुला चोर समजले होते,” केतकीने एकदाचं सांगून टाकलं. “तुझ्या मागावरसुद्धा होते.”

“मला कल्पना होती. आपण गवताच्या गंजीमागे शिंकला होतात,” बोरू म्हणाला. “मला ते आवडलं. माझ्यावर इतकं लक्ष कोणी देत नाही.”

आता रघूची नवी दूधगाडी आली आहे. आईने सूचना लिहिली की केतकी आईच्या पाटीत डोकावत नाही. ती उठते, गवळीवाड्यात जाते आणि गाडीच्या तोंडासमोर उभी राहते. गाडीने स्वतःच्या तोंडाने “वाट बंद आहे” म्हटल्यावरच तिचं समाधान होतं. मग फळीवरची पोरं कुरकुरत उतरतात, दक्षिणेच्या लांबच्या वाटेने चालू लागतात, आणि डोक्यावर पंख मिटलेला पतंग सावकाश खाली येत असतो.

उरलेल्या चार पठारांवरही लेखनसाधन बसवायचं आहे. सुट्टीत बोरूबरोबर जायची परवानगी केतकीने आईकडून मिळवली. निघायच्या दिवशी तिने त्याला विचारलं, “तिथे गेल्यावर पहिलं काय करायचं? साचे बसवायचे?”

“नाही,” बोरू म्हणाला. “पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला बसायचं. मी जेवत नाही, म्हणून आपण बसायचं. आणि पहिला घास कोण घेतं, ते बघून मला सांगायचं.”